भंगाराच्या अलीकडे

म्हातारबुवा कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं झाली, पण स्टोअर काही त्यांच्यातून गेलं नाही. डब्यांना, कपाटांना, चाव्यांच्या खिळ्यालाही त्यांच्या ठसठशीत अक्षरातली लेबलं. बायको होती तोवर म्हणायची, “मलाही एक चिकटवा, म्हणजे हरवायची नाही.” ती गेली, लेबलं राहिली.

गेल्या महिन्यात त्यात भर पडली. ‘गॅस बंद?’, ‘गोळी सकाळची’, ‘गोळी रात्रीची’. दर रविवारी येणाऱ्या लेकीने ती वाचली आणि धसका घेतला. बाबांची स्मरणशक्ती चालली! त्यात शर्ट मळका, अंगाला वास. तिने शुश्रूषा केंद्रात फोन केला आणि तिथल्या सिस्टर पाहणीला यायच्या ठरल्या.

स्मरणशक्ती खणखणीत होती. उद्या आपण आडवे झालो तर मदतीला येणाऱ्याची शोधाशोध नको, म्हणून लेबलं. रजेवर जाण्याआधी स्टोअर लावून ठेवायची जुनी खोड, दुसरं काय! खरी भानगड न्हाणीघरात होती. तीन आठवड्यांपूर्वी तिथल्या ओल्या फरशीवर ते घसरले होते. हाड वाचलं, हिंमत मोडली. तेव्हापासून अंघोळीला बुट्टी. पण हे सांगायचं कुणाला? ‘पडलो’ म्हटलं की रवानगी झालीच, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. घर सुटायच्या नुसत्या कल्पनेने त्यांना रडू यायचं.

सिस्टरनी तारीख, वार, औषधं, सगळं विचारलं. म्हातारबुवांनी धडाधड उत्तरं दिली, लेबलांचं कारण सांगितलं, वर सिस्टरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे हेही सांगितलं. लेक जरा वरमली.

“आणि अंघोळ, काका?”

खोटं बोलावं तर सिस्टरना नाक होतं. म्हातारबुवा उठले आणि खणातून पुठ्ठ्याच्या जुन्या पट्ट्या घेऊन आले.

“आमच्याकडे मालाला तीन पट्ट्या. हिरवी चालू, लाल भंगार. नवे साहेब यायचे त्यांना या दोनच ठाऊक. हातोडीचा दांडा सैल झाला की म्हणायचे, टाका भंगारात. मी भांडून पिवळी बांधायचो. दुरुस्तीला.” मग आवाज खाली आला. “मी पडलोय, सिस्टर. एकट्याने अंघोळ करायची भीती वाटते. कुठली बांधायची ते तुम्हीच सांगा.”

“बाबा, मला का नाही सांगितलंत?”

“तू लाल बांधली असतीस.”

सिस्टर म्हणाल्या, “आमच्याकडची खाट ज्यांना रात्रंदिवस माणूस लागतं त्यांच्यासाठी. तुम्हाला भिंतीला एक दांडी, पायाखाली रबरी चटई आणि सकाळी तासभर मदत, एवढं सध्या पुरे. पुढे गरज वाढली तर बघू. तेव्हा यायलाही लाजायचं कारण नाही.”

पुढच्या रविवारी लेक आली तेव्हा म्हातारबुवा न्हाऊन, भांग पाडून बसले होते. शर्टाच्या बटणाला हिरवी पट्टी. तिच्यावर लिहिलं होतं, ‘तपासणी दर रविवारी. तपासणार : लेक.’ खाली सहीची जागा मोकळी.

“सही कर,” पेन पुढे करत ते म्हणाले.

तिने सही केली. डोळे पुसले. मग स्वतःच खणातून पिवळी पट्टी काढली आणि त्यांच्याजवळ बसली.

“आता खरं सांगा बाबा, अजून कुठे भीती वाटते?”

म्हातारबुवांनी पेन पुन्हा तिच्या हातात दिलं.

“जिन्याची तिसरी पायरी,” ते म्हणाले.