आज दमलोय, उद्या ये

भोईर सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख हवा असा निरोप आला, तेव्हा संपादक मंडळाने सोबत एक सूचनाही केली होती: सरांच्या उत्साहावर लिहा. सरांकडे मी वर्षभर इंग्रजी शिकलो आणि त्यानंतरची पंधरा वर्षे त्यांच्या घरी माझे जाणे-येणे आहे. उत्साह मला कधी दिसला नाही. मला सर आठवतात ते दमलेलेच. म्हणून मुदत पाळतो, सूचना तेवढी बाजूला ठेवतो आणि त्यांच्या दमण्याबद्दल लिहितो. सर रागावणार नाहीत. रागवायलाही ते दमतात.

पहिली ओळख उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात झाली. एफ. वाय.चा वर्ग, दुपारचा शेवटचा तास, सक्तीचे इंग्रजी, शंभराच्या वर पोरे. सर आले, त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. तिच्या पाठीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "वडिलांवर पाच वाक्यं लिहा. नाव घाला. उद्या बघतो." त्या दिवशी एवढेच शिकवले.

दुसऱ्या दिवशी कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवून त्यांनी विचारले, "ज्यांना एकापेक्षा जास्त वडील आहेत, त्यांनी हात वर करा."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "मग हे काय आहे? माय फादर आर अ क्लार्क. माय फादर आर व्हेरी स्ट्रिक्ट. माय फादर आर इन अंबरनाथ. किती वडील आहेत अंबरनाथमध्ये?"

बदलापूरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, वडील 'आहेत' असतात ना. इज म्हणजे 'आहे'. घरी कळलं तर फटके पडतील."

कॅम्प भागातल्या एका सिंधी मुलीने त्याची बाजू घेतली. "सर, हमारे में भी पापा 'हैं' ही बोलते. 'है' बोला तो मम्मी मारेगी."

सरांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "इंग्रजांनाही बापाचा आदर असतो. ते तो क्रियापदात ठेवत नाहीत, एवढंच."

वाक्य आम्हाला आवडले, पटले नाही. पुढे कितीतरी महिने आमचे वडील 'आर'च राहिले आणि सर त्या प्रत्येक 'आर'भोवती लाल गोल काढत राहिले. एकदा सर रजेवर होते, तर कोणीतरी फळ्यावर आदराने लिहून ठेवले, 'सर आर नॉट कम टुडे'. दुसऱ्या दिवशी सरांनी ते पुसले नाही. खडूने 'आर'भोवती गोल काढला आणि हजेरी घ्यायला लागले. गठ्ठे स्टाफरूममध्ये पोचवण्याचे काम माझ्याकडे असे. एकदा तिथे ते मला म्हणाले, "दर वर्षी पोरं नवी येतात आणि चूक तीच घेऊन येतात. चूक म्हातारी होत नाही रे. मीच होतो."

याच वर्गात शेवटच्या बाकावर मंजुळा पारधी बसायची. बारवी धरणाच्या बाजूच्या एका वाडीवरून यायची. आधी चालत, मग रिक्षाने, मग गाडीने. आदल्या वर्षी तिचे इंग्रजी राहिले होते, म्हणून पुन्हा आमच्याबरोबर बसत होती. सुरुवातीच्या दिवसांत तिने एकदा उभे राहून विचारले होते, "सर, तू काल का नाही आला?" तिच्या वाडीवर लहानथोर सगळ्यांना तूच म्हणतात. पण वर्ग असा फुटला, की हसण्याचा आवाज बाहेर जिन्यापर्यंत गेला. सर उत्तर देऊन पुढे गेले. मंजुळा त्यानंतर वर्गात बोललीच नाही. हसणाऱ्यांत मी होतो, हे इथे लिहून ठेवतो.

सहामाहीत ती पुन्हा नापास झाली. एका दुपारी मी गठ्ठा घेऊन स्टाफरूममध्ये गेलो, तर ती सरांच्या टेबलाशी उभी होती. हातात कॉलेज सोडण्याचा अर्ज. सरांची सही झाली की विषय संपणार होता. आनंदनगरला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामावर तिची आत्या होती, तिने मुकादमाकडे शब्द टाकला होता. एक तारखेपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणाला होता.

सरांनी अर्ज वाचला, कपाटातून तिचा जुना पेपर काढला आणि बराच वेळ बघत बसले. पेपर लाल झाला होता. 'माय फादर इज गो जंगल. माय फादर इज कट वूड' असली वाक्ये होती. सरांनी बोट ठेवले. "सगळा वर्ग इथे आर लिहितो. तू इज का लिहिलंस?"

मंजुळाला वाटले, आणखी एक चूक निघाली. ती हळूच म्हणाली, "बाबा एकच हाय ना, सर."

सरांनी चष्मा काढला. मग ज्या भाषेत आम्ही त्यांना कधी बोलताना ऐकले नव्हते, त्या भाषेत म्हणाले, "माजा बापूस मिठागरान जायचा. आमीपन त्याला तूच म्हनायचो." आणि लगेच चष्मा पुसायला लागले. सर आगरी आहेत हे आम्हाला आडनावावरून कळायला हवे होते. पण त्यांच्या शुद्ध मराठीने आणि त्याहून शुद्ध इंग्रजीने ते झाकून टाकले होते.

सही त्यांनी केली नाही. अर्ज खणात टाकला आणि म्हणाले, "आज दमलोय. उद्या ये. येताना पाच वाक्यं लिहून आण."

दुसऱ्या दिवशी सरांनी मंजुळाला विचारून तिचे 'माय फादर इज'चे वाक्य फळ्यावर लिहिले. शेजारी तिचा तो जुना प्रश्नही लिहिला आणि वर्गाकडे वळले. "हिनं मला तू म्हटलं तेव्हा तुम्ही हसलात. इंग्रजीत तुम्ही मला काय म्हणता? यू. प्रिन्सिपॉलना? यू. शिपायाला? यू. तुम्हाला जे इतके महिने जमलं नाही, ते ही घरून घेऊन आली आहे." कोणी हसले नाही. बदलापूरचा तो मुलगा आपल्या वहीत काहीतरी खोडत होता.

(पुढे कितीतरी वर्षांनी सरांनीच मला सांगितले, की 'यू' हा मुळात इंग्रजांचा 'तुम्ही'च होता, त्यांचा 'तू' झिजून गेला. म्हणजे त्या दिवशीचे बोलणे अर्धे चूक होते. "मला तेव्हाही ठाऊक होतं," सर म्हणाले, "पण त्या दिवशी त्या पोरीला तेच लागत होतं.")

मंजुळा रोज सहीसाठी येत राहिली. सर रोज म्हणत, "आज दमलोय, उद्या ये." ती पाच वाक्ये टेबलावर ठेवायची, सर त्यावर गोल काढायचे. आधी पाचात पंधरा गोल असत, मग दहा, मग सात. 'इज गो'चे 'गोज' व्हायला तीन आठवडे लागले. दरम्यान एक तारीख येऊन गेली आणि आनंदनगरची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

त्या दिवशी ती स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर बोलली. "सर, तू मला फसवला. तुझ्यामुळं काम गेला माझा. आता आत्या बोलत नाय माझ्याशी." शेजारच्या टेबलावरचे एक प्राध्यापक ताडकन उठले. सरांनी हाताने त्यांना बसवले. "बोलू द्या. बरोबर बोलतेय ती." मग मंजुळाला म्हणाले, "वाक्यं आणलीस?" तिने रागाने कागद टेबलावर आपटला. आणला मात्र होता.

ती गेल्यावर सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "नापास झाली तर कामही गेलं आणि कॉलेजही. दोन्ही माझ्यामुळे." त्या वेळी मी त्यांना खरोखर दमलेले पाहिले. सही टाळण्यासाठीची दमणूक आणि ही दमणूक यांत फरक होता, आणि तो ओळखण्याएवढी बुद्धी तेव्हा माझ्यात नुकतीच येत होती. परीक्षेपर्यंतचे तीन महिने ते एक दिवसही रजेवर गेले नाहीत. ताप असतानाही आले. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले, पाच वाक्ये तपासली आणि घरी गेले.

मंजुळा काठावर पास झाली. गुणपत्रिका घेऊन आली आणि म्हणाली, "सर, झाला इंग्लिश." सरांनी कागद पाहिला, परत दिला आणि टेबलावर डोके टेकून दोन मिनिटे तसेच राहिले.

मी आता वर्तमानपत्रात काम करतो. इंग्रजी बातम्या मराठीत आणणे हा माझा धंदा. इंग्रजीत सगळेच नुसते 'सेड' असतात. मराठीत मात्र मंत्री 'म्हणाले' होतात आणि मजूर 'म्हणाला' होतो, हे ठरवणारा मी कोण, असा प्रश्न रोज पडतो. आमच्या पानावर मजूरही 'म्हणाले' असतो. वरिष्ठांनी एकदा कारण विचारले. सरांमुळे, एवढेच सांगितले.

गेल्या महिन्यात सर निवृत्तीपूर्वी टेबल आवरत होते, मदतीला मी होतो. तळच्या खणात तो अर्ज निघाला. पिवळा पडलेला, सहीची जागा कोरी. सरांनी मंजुळाला फोन लावला. ती आता वाडीच्या अलीकडच्या शाळेत शिकवते. तिच्या वर्गातली मुले तिला "बाई, तू काल का नाही आली?" असे विचारतात आणि ती त्यांना कारण सांगते.

"तुझा अर्ज सापडला," सर म्हणाले. "करू का सही?"

पलीकडे पोरांचा गलका होता. त्यातून आवाज आला, "आता सही करून काय करतो, सर? राहू दे. दमला असशील."

सरांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला. खुर्ची ओढली आणि, मी पाहिले, तिच्यात बसले.

सर, आपण असेच बसून राहावे. प्रकृती सांभाळावी, तपासण्यासारखे काही समोर आलेच तर सावकाश तपासावे. आपल्याला पुष्कळ आयुष्य लाभो. आणि कोणी निरोपाच्या कागदावर सही मागायला आलेच, तर त्याला देण्यासाठी आपल्याजवळ कितीतरी 'उद्या' शिल्लक असोत.