अप्पांच्या कानाजोगा आवाज

तमाम सोलापूरकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत आवाजाचं एक बटण बदलण्याचा सोहळा यथासांग पार पडला. मंत्री कोणी आले नाहीत. उपस्थितांत मी, माझी सोल्डरिंग गन आणि कपडे वाळत घालायला आलेली बायको. "आज काय जाळताय?" एवढंच तिचं अध्यक्षीय भाषण.

सुटे भाग मागवून डॅक बनवायचा मला नाद आहे. डॅक म्हणजे मोबाइलमध्ये आकड्यांच्या रूपात साठवलेल्या गाण्याचा पुन्हा आवाज करणारी डबी. एरवी मी तिच्यावर गाणी ऐकतो आणि फार फरक कळल्यासारखी मान डोलावतो. या वेळची डबी मात्र अप्पांसाठी, माझ्या वडिलांसाठी होती.

अप्पांनी उभा जन्म यंत्रमागावर टॉवेल विणले. जुन्या घरात माग खाली, आम्ही वर. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले, तेही विचित्र तऱ्हेने. हळू बोललं तर ऐकू येत नाही, मोठ्याने बोललं तर कानात कळ जाते. कानाच्या मशीनला ते 'माशी' म्हणत आणि डबीत कोंडून ठेवत. आई गेल्यापासून तर खिडकीशी नुसते बसून असायचे. जेवायला हाक मारली तरी हात हलवून 'राहू दे'.

आईचा आवाज आमच्याकडे एकाच ठिकाणी उरला होता. बायकोने तिला शेंगा चटणीची कृती विचारली, तेव्हा मोबाइलवर रेकॉर्ड केलेला. मोबाइलमधून तो अप्पांपर्यंत पोचत नव्हता. तो मला पोचवायचा होता.

पहिला प्रयोग. हेडफोन चढवला, बटण जरासं फिरवलं. काही नाही. आणखी केसभर फिरवलं आणि अप्पा खुर्चीतून उडालेच.

"मसणात घाल तुजी डबी! डोक्यात मागाचा धोटा शिरला की!"

दोष पॉटचा होता. पॉट म्हणजे बटणाखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग. मी लावलेल्या पॉटचा सगळा आवाज सुरुवातीच्या थोड्याशा फेरीतच चढत होता. पायरी पायरीने चढणारा दुसरा आणला. त्याच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या; बटण खाली असलं की आई उजव्याच कानात बोलायची. मग घरातले सगळे पॉट मीटरवर तपासून, पत्रिका जुळवावी तसा एक निवडला. शेवटी त्याच्या दोन्ही टोकांना रेझिस्टर जोडले. आता ऐकूच न येणारा आवाज नाही आणि दुखणाराही नाही. मधली चिंचोळी पट्टी तेवढी बटणाच्या पूर्ण फेरीवर पसरली.

"फिरवा अप्पा. दुखणार नाही."

त्यांनी संशयाने फिरवलं. थांबले.

"कोण बाई हाय ही?"

"आई आहे."

"हॅट्! तुजी आई अशी बोलती व्हय? ती बोलली की चार माग गप व्हायचे."

माझा विजयोत्सव तिथेच बारगळला. कारण अप्पा खरं बोलत होते. आमच्या घरात मागाच्या वर आवाज चढवल्याशिवाय कुणाला काही सांगताच येत नसे. आम्ही भांडायचो ओरडून आणि लाडही ओरडूनच करायचो. मी एवढा खटाटोप करून त्यांच्या कानात एक परकी बाई नेऊन बसवली होती.

ते हेडफोन काढायला लागले. बायकोने वाळलेले कपडे बाजूला ठेवून त्यांचा हात धरला. "थोडं ऐका तर."

अप्पा ऐकत राहिले. रेकॉर्डिंग मला तोंडपाठ होतं. शेंगा फार बारीक कुटू नको, तेल सुटू दे. लसूण सोलून नको, तशीच घाल. मग त्यांनी दोन्ही तळव्यांनी हेडफोन कानांवर दाबून धरला, आणि मला कळलं की त्यांनी तिला ओळखलं.

रेकॉर्डिंगच्या शेवटी बायको मोठ्याने विचारते, मीठ कधी घालायचं? आणि आई म्हणते, "हळू बोल गं. ते आत झोपलेत. जाग येईल."

रेकॉर्डिंगच्या त्या दुपारी या फ्लॅटमध्ये एकही माग नव्हता. त्या दोघींचं बोलणं आतल्या खोलीत अप्पांना ऐकूही गेलं नसतं. तरी आईने आवाज खाली घेतला होता. हा आवाज ती अप्पा झोपले की काढायची, त्यामुळे तो त्यांना कधी भेटलाच नव्हता.

अप्पांनी बटण सोडलं. मांडीवरच्या डबीकडे बघत, मागाच्या खोलीतल्या जुन्या, पूर्ण चढ्या आवाजात ते ओरडले,

"मग उठवायचं की मला!"