सुमनच्या हातावरून पुढे दिलेलं ताट

ताट माझ्या हातात आलं तेव्हा शेजारी माझी धाकटी जाऊ सुमन बसली होती, आणि तिच्या पलीकडे तिची लेक रूथ. त्या रविवारी रूथला पहिल्यांदा प्रभुभोजन मिळायचं होतं. आमच्या मंडळीत बायका सतरंजीवर ओळीनं बसतात आणि भाकरीच्या तुकड्यांचं ताट हातोहात पुढे जातं. सुमनला मंडळीनं सहा वर्षांपासून प्रभूच्या मेजापासून, म्हणजे या भोजनापासून, दूर ठेवलं होतं. ती मागे, दाराजवळ बसायची. त्या दिवशी लेकीसाठी पुढे आली होती. ताट आलं तसा तिनं हात पुढे केला — विसरून केला की मुद्दाम, मला अजून माहीत नाही. मी ताट उचललं आणि तिच्या हातावरून पलीकडे रूथला दिलं.

रूथनं एकदा आईकडे पाहिलं. सुमननं हात मागे घेऊन पदराखाली ठेवला. मी डोळे मिटले, प्रार्थना करत असल्यासारखे. माझा तुकडा मी आधीच खाल्ला होता.

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, एकाही पाळकाला नाही. देवाला सांगितलं, पण देवाला सांगणं सोपं असतं — तो गावात कुणाला बोलत नाही. आता त्र्याहत्तर वर्षांची आहे. चौथीपर्यंत शिकले. लिहायला वेळ लागतो, आणि लिहिताना उठून उठून दारापर्यंत जाऊन येते. दारात कुणी नसतं. तरी जाते.

सुमनला दूर का ठेवलं होतं, ते आधी सांगते. म्हणजे लोकांना जे माहीत आहे ते. खरं नंतर.

आमचं गाव पिंपळगाव राजापासून जवळ. ख्रिस्ती घरं आमची पंधरा-वीस. आमचे मालक मंडळीतले वडील होते — म्हणजे पाळकाच्या खालोखाल ज्यांचा शब्द चालतो त्यांतले. दीर आणि आम्ही एकाच घरात राहायचो. सुमन हिंदू घरातून आलेली. लग्नाच्या आधी तिचा बाप्तिस्मा झाला. मंडळीत तिला कुणी तोंडावर काही बोलत नव्हतं, पण भजनात तिचा सूर चुकला की बायका एकमेकींकडे बघायच्या. आमचा चुकला तर नाही.

माझी लेक मार्था आणि तिची रूथ, दोघी नऊ वर्षांच्या. एकाच गोधडीखाली झोपायच्या. एका दुपारी बायकांची प्रार्थनासभा आमच्या अंगणात होती. गोधड्या उन्हात टाकलेल्या होत्या. पाळकीणबाईंना बसायला जागा करावी म्हणून मी एक गोधडी ओढली, तर तिच्या शिवणीतून काळ्या दोऱ्यातला ताईत खाली पडला. भगताकडून मंतरून आणतात तसला. पाळकीणबाईंच्या चपलेशीच पडला.

आमच्याकडे ही साधी गोष्ट नव्हती. ताईत बांधणं म्हणजे प्रभूवर विश्वास नाही असं म्हणणं. अंगणात बारा-तेरा बाया होत्या. मग सगळ्यांनी सुमनकडे पाहिलं. अजून कुणी काही विचारलंही नव्हतं. मी म्हणाले, “सुमन, काय केलं बाई तू हे?”

एवढंच. एक वाक्य. माझ्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं. ते कुठून आणलं मी?

ताईत माझा होता.

मार्थाला झटके येत होते. दात आवळायचे, डोळे वर जायचे. खामगावच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या आणि म्हणाला होता, गुण यायला वेळ लागेल. मला वेळ नको होता. बाजाराच्या दिवशी बाजाराला जाते म्हणून निघाले आणि शेजारच्या गावी भगताकडे गेले. त्या माणसाचा काही दोष नाही. तो त्याच्या श्रद्धेनं बांधत होता. मीच माझ्याशी खोटं वागत होते — एका हातात गोळ्या, एका हातात ताईत, आणि तोंडात येशूचं नाव. मार्थाच्या गळ्यात बांधला तर दिसला असता, म्हणून गोधडीत शिवला. पुढे ती बरी झाली. गोळ्यांनीच झाली असं मी धरून चालते. दुसरं धरून चालायची माझी हिंमत नाही.

सुमननं नाही म्हटलं. तिनं शपथ घेतली नाही, रडलीही नाही. पाळकांसमोर तिला नेलं तेव्हा ते बोलले की कबूल कर, मंडळीपुढे क्षमा माग, विषय संपला. चांगले माणूस होते. त्यांना खरंच विषय संपवायचा होता. सुमन म्हणाली, “म्या बांधला नाही, तं बांधला म्हनून कशी सांगू? देवाच्या घरात खोटं बोलू काय?” मग मंडळीनं ठरवलं, कबूल करेपर्यंत तिनं मेजाशी येऊ नये.

बघा कसं असतं. ती खोटं बोलायला तयार नव्हती म्हणून बाहेर. मी बोलले होते म्हणून आत.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, घाबरली असेल बिचारी. मालक वडील होते, ताईत त्यांच्याच बायकोचा निघाला असता तर त्यांचं पद गेलं असतं. हे खरं आहे. पण भीती एका दुपारची असते. पुढचं मी थंड डोक्यानं केलं.

दोन महिन्यांनी सुमन चुलीशी माझ्याजवळ येऊन बसली. माझ्यावर तिचा संशय नव्हता. कुणीतरी बाहेरच्या बाईनं टाकला असेल असं तिला वाटत होतं. म्हणाली, “बाई, तुमचं पाळकसाहेब आयकतात. तुमी सांगा ना त्याईले, सुमन अशी नाही म्हनून.”

मी गेले. पाळकांना सांगितलं — साहेब, ती नवीन आहे विश्वासात, जुनी सवय जात नाही, चूक झाली असेल तर माफ करा. चूक झाली असेल तर! पाळकीणबाईंनी माझा हात हातात घेतला. पुढच्या रविवारी उपदेशात माझं नाव न घेता माझ्या क्षमाशील मनाचं कौतुक झालं. सगळ्यांना कळलं ते कुणाबद्दल आहे. सुमनही दाराजवळ बसून ऐकत होती. घरी येताना मला म्हणाली, “बरं झालं बाई, तुमी बोलल्या.” त्या दिवसानंतर मंडळीत एकाच्याही मनात शंका उरली नाही. होती ती मी पुसून टाकली होती.

पाप करू नये असं आम्ही पोरांना शिकवतो. का करू नये विचारलं तर सांगतो, देव पाहतो, नरक आहे. मी कधी नरकाला भ्याले नाही, खरं सांगते. ज्या ख्रिस्ती माणसानं पाप पोटात ठेवलं आहे त्याला एक सोय मिळते. उपासनेत सगळे मिळून म्हणतो, आम्ही पापी आहोत. सगळ्यांबरोबर म्हणायला काही लागत नाही. मीही म्हणायचे, आवाज चढवून. आणि क्षमा मिळाली असं समजून चहा पिऊन घरी यायचे.

मला नरक नाही कळला, पण एक कळलं. पाप कुठं जात नाही. तुम्ही उचललं नाही तर दुसऱ्याला उचलावं लागतं. प्रभूनं आपलं पाप वाहिलं असं आम्ही मानतो. पण त्यानं ते आपण होऊन वाहिलं. सुमनला मी विचारलं होतं का? तिच्या डोक्यावर ठेवलं आणि वर तिला म्हणत गेले, हळू चाल गं बाई. पाप करू नये ते याच्यासाठी. देवाचं काय ते देव बघेल. पण ते ओझं घेऊन मागे कोण बसतं?

पाळक बदलले. नवे आले, त्यांनी जुनी वही न बघता तिला मेजाशी बोलावलं. ती गेली नाही. म्हणाली, ज्या मंडळीनं दूर केलं तिनंच म्हणावं की सुमननं केलं नव्हतं, मग येईन. लोक म्हणाले, भारी ताठ बाई आहे. मीही मान डोलावली.

मालक गेले. दीर गेले. मार्थाला नातवंडं व्हायची वेळ आली. ज्यांच्या भीतीनं बोलले नव्हते त्यांतलं कुणी उरलं नाही, तरी मी बोलले नाही. मग भीती कशाची होती?

गेल्या महिन्यात एका दुपारी उठले आणि सुमनच्या घरी गेले. ती सुपात तूर पाखडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. ताईत माझा होता. भगताकडून मी आणला. पाळकांना जाऊन मी काय बोलले तेही सांगितलं. तिनं सूप थांबवलं नाही. शेवटी विचारलं, “आता काऊन सांगून राह्यल्या?”

मी म्हणाले, तुला कळावं म्हणून.

“मले काय कळाचं हाय त्याच्यात?” ती म्हणाली. “म्या बांधला नाही, हे मले चौतीस वर्सं माहीतच व्हतं. ज्याईले माहीत नाही त्याईले सांगा. रूथीले सांगा.”

रूथ. मी रूथचा विचारच केला नव्हता. ती औरंगाबादकडे नर्स आहे, पोरं मोठी झाली. तिनं आईला काय समजून आयुष्य काढलं असेल?

मी बसले नाही. सुमननं बस म्हटलंही नाही, आणि चहाही टाकला नाही. हे तिचं बरोबर होतं.

नंतरच्या रविवारी पाळकांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. एक बाई उठली, तिच्या सुनेचं ऑपरेशन नीट झालं. मी बसून राहिले. गुडघे दुखतात म्हणून नाही.

म्हणून हे लिहिलं. एक कागद पाळकांना दिला आहे, रविवारी सगळ्यांपुढे वाचा म्हणून. दुसरा पोस्टानं रूथला पाठवला. परत मागून घेता येऊ नये म्हणून दोन्ही एकाच सकाळी. तोंडानं सांगायला हवं होतं. ते मला जमलं नाही, हेही त्यात लिहिलं आहे.

ताईत मी आणला होता, मंडळीतली एलिशाबाई. त्याच्यासाठी चौतीस वर्षं दाराजवळ बसली ती सुमन. ती चौसष्ट वर्षांची आहे आणि तिनं काही केलं नव्हतं.