कशाचे पार्टनर

मागच्या महिन्यात माझ्या भावाच्या मुलीने फोनवर एक जुनी इंग्रजी विनोदी मालिका शोधून काढली आणि जेवताना फोन तांब्याला टेकवून लावली. दोन पुरुष एका घरात राहतात. एक बसचा ड्रायव्हर, दुसरा ॲप्रन बांधून स्वयंपाक करणारा. दार वाजतं, कोणीतरी नातेवाईक येतं, दोघांची धांदल उडते आणि मागे न दिसणारी माणसं हसतात. ते हसणं कानावर पडताच माझा भाऊ अर्धी भाकरी ताटात टाकून उठला आणि बाहेर जाऊन बसला.

"पप्पांना काय झालं, आत्या? गे माणसं दाखवायलेत म्हणून का?"

"आधी जेव," मी म्हटलं. जेवण झाल्यावर तिला तिच्या बापाचा भाग सांगितला. माझा सांगितला नाही. तो इथे लिहिते.

ही मालिका आम्ही सेलूला पाहिली होती, विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या साल-दोन साल आधी. गल्लीत केबलची वायर नुकतीच आली होती. टीव्ही आमच्या घरात होता, त्यामुळे रविवारी संध्याकाळी पाच वाजता निम्मी गल्ली आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसायची. इंग्रजी कोणालाच येत नव्हतं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय इंग्रजी, म्हणून मी टीव्हीशेजारी बसून मराठीत सांगायचे. निम्मं मला कळायचं. उरलेलं मी मनानेच लावून द्यायचे.

"हे हसायलेत कोण?" मागच्या घरातल्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं. "दिसत का न्हाईत?"

"आधीच भरून ठेवलेलं हसणं असतं, काकू."

"मंग आपण कवा हसायचं?"

"ते हसले की."

त्यावर सगळे हसले आणि पुढे तसंच करू लागले.

त्याच दिवशी ड्रायव्हरने पाहुण्याला दुसऱ्याची ओळख करून दिली, "माय पार्टनर." मी सांगितलं, "हा माझा पार्टनर." सेलूत या शब्दाचं भाषांतर लागत नाही. कापसाचं गाव. प्रत्येक जिनिंगमध्ये, प्रत्येक आडतीत कोणी ना कोणी कोणाचा पार्टनर असतो.

"कशाचे पार्टनर?" काकू म्हणाल्या. "दुकान कुठंय त्यांचं?"

पुढचे चार रविवार आमची खोली त्या दोघांचं दुकान दाखवतील म्हणून वाट बघत होती.

आमच्या गल्लीतही दोन पार्टनर होते. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी दोघांची होती. एक आडवातिडवा, डबे उचलणारा, जात्याला टाकी लावणारा. दुसरा किडकिडीत, चाळणारा, डब्यांवर खडूने खुणा करणारा. दोघे गिरणीच्या मागच्या खोलीत राहायचे. लग्न दोघांचंही नव्हतं. गावात येऊन त्यांना दहाएक वर्षं झाली होती आणि तेवढ्या वर्षांत गिरणीच्या आवाजात ते एकमेकांना एकच हाक मारत. "पार्टनर, ज्वारी संपली, गहू घे." गिरणीचं नावही तेच पडलं होतं, पार्टनरची गिरणी. त्यांची खरी नावं कोणी विचारली नव्हती. बायकांचं भांडण व्हायचं ते एवढंच, की ज्वारीनंतरचा पहिला गहू कोणाचा. पहिल्या गव्हात ज्वारीचं पीठ मिसळतं, चपाती काळपट होते, म्हणून तो नंबर कोणालाच नको असायचा.

पाचव्या रविवारी काकूंचा धीर सुटला. "पोरी, तू नीट सांगंना गेलीस. दुकान न्हाई, शेत न्हाई. मंग हे पार्टनर कशाचे?"

मला कॉलेजात तेवढ्यात त्या शब्दाचा तिकडचा अर्थ कळला होता. मला माहीत आहे आणि तुम्हाला नाही, याची मला मोठी ऐट होती. मी म्हटलं, "संसाराचे. नवरा-बायको असतात ना, तसे. तिकडं त्यालाच पार्टनर म्हणतात."

टीव्हीतली माणसं हसत होती. मग माझा भाऊ म्हणाला, "मंग आपले गिरणीवाले?"

इतका मोठा हशा त्या खोलीत कधी झाला नव्हता. मीही हसले. पोटभर हसले.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत पार्टनर हा शब्द डोळे मिचकावल्याशिवाय कोणी उच्चारेना. शटरवर खडूने घाण लिहिलेलं असायचं, किडकिडीत माणूस सकाळी ते ओल्या फडक्याने पुसायचा. पत्र्यावर दगड पडू लागले. एका दगडाने किडकिडीताच्या कपाळाला खोक पडली. मग कोणीतरी दळणाच्या ज्वारीत लोखंडी नट टाकला. तो जात्यात गेला, ठिणग्या उडाल्या, जात्याचा टवका निघून भिंतीवर आपटला. दोन बोटं अलीकडे असता तर माणसाच्या डोळ्यात शिरला असता. कोणी टाकला ते सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी बोललं नाही. मीही नाही.

एका सोमवारी माझा भाऊ स्वतः दळण घेऊन गेला. आयुष्यात त्याने कधी डबा उचलला नव्हता. रांगेतल्या बायकांसमोर त्याने विचारलं, "काय पार्टनर, तुमच्यात लुगडं कोण नेसतंय?"

आडव्या माणसाने हातातला डबा खाली ठेवला आणि त्याच्या तोंडात भडकावली. एकच. काही न बोलता डबा परत उचलला. हात पिठाने भरलेला होता, त्यामुळे भावाच्या गालावर पाची बोटांचा पांढरा पंजा उमटला. भावाला ते कळलं नाही. तो तसाच अख्ख्या गल्लीतून घरी आला. थपडेपेक्षा त्याला ते जास्त लागलं. माय म्हणाली, "गाल पूस," तेव्हा त्याने आरसा पाहिला आणि आरसा भिंतीवर फोडला.

मंगळवारी सकाळी अकराला तो जिनिंगवरच्या चौघांना घेऊन गिरणीवर आला. मी तिथेच होते, गव्हाचा डबा घेऊन तिसऱ्या नंबरला. घोळक्याने जाऊन कसं मारायचं, कोणी दार धरायचं, कोणी बायका बाहेर काढायच्या, हे आमच्या भागात नामांतराच्या दंगलींत पुष्कळांनी पाहून ठेवलं होतं. त्यांना एकमेकांना काही सांगावं लागलं नाही. शटर अर्धं खाली आलं. बायका बाहेर गेल्या. मी आत राहिले. भाऊ माझं ऐकेल असं मला वाटत होतं.

खिळ्याला जुना पट्टा टांगलेला होता, गिरणीचा, चार बोटं रुंद. तो एकाने काढला. दोघांनी आडव्याला धान्याच्या पोत्यावर पालथा दाबला आणि पट्टा पाठीवर चालू झाला. त्याला लोखंडी बकल नसतं, शिवलेला जोड असतो. तो जोड जिथे बसायचा तिथे सदरा फाटून कातडं उचकटून येत होतं. भाऊ लाथा घालत होता, बरगडीत, मोजून एकाच जागी. मी त्याचा दंड धरला.

"दादा, बस झालं. चल."

"बाजूला हो." त्याचं कोपर माझ्या तोंडावर आलं. पुढचा दात तुटला, तो आजही तसाच आहे.

तेव्हा किडकिडीत माणूस मागच्या खोलीतून धावत आला. चालू गिरणीच्या आवाजाच्या वर आवाज चढवून त्याने नेहमीसारखी हाक मारली, "पार्टनर!"

आणि ते पाचही जण हसले. एकदम, एका दमात, आमच्या खोलीत हसायचे तसे. हसता हसताच एकाने त्याला ढकललं. तो तोल जाऊन मोटारीकडे पडला आणि सावरायला टेकलेला हात चालू पट्टा आणि चाकाच्या मधे गेला.

ओलं धान्य घातलं की गिरणी जड होते, तसा आवाज आला. मी मेन स्विच खाली ओढला. पट्टा लगेच थांबत नसतो.

चौघे पळाले. भाऊ उभा होता. "घरी जाय," मी म्हटलं, आणि तो गेला. चाळणीखालचं फडकं मी त्या हाताला गच्च गुंडाळलं. काकूंच्या जावयाची ऑटो गल्लीतच होती. पाठ रक्ताळलेला आडवा माणूस किडकिडीताला मांडीवर घेऊन बसला, मी पुढे.

दवाखान्यात त्याला आत नेलं आणि कारकुनाने कागद पुढे ओढला.

"पेशंटचे कोण तुमी?"

आजवर या प्रश्नाला आडव्याकडे एकच उत्तर होतं, आणि बँकेत, बाजार समितीत, घर बघताना, सगळीकडे ते चाललं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. तो शब्द कोणाच्या तोंडून बिघडून आला हे गल्लीने त्याला केव्हाच सांगितलेलं असणार.

"अहो, कोण लागता? सही लागती."

"भाऊ," मी म्हटलं. "भाऊ लिहा."

"आडनाव तर वेगळं हाय."

"मावसभाऊ."

कारकुनाने लिहिलं. झालं कसं, हे त्याने विचारलं तेव्हा आडवा माणूस म्हणाला, "पट्ट्यात हात गेला." पोलिसांनाही त्याने तेवढंच सांगितलं. खरं सांगितलं असतं तर मारण्याचं कारणही सांगावं लागलं असतं. मीही पोलिसांकडे गेले नाही. माझा भाऊ सुटला तो असा.

बाकावर बसल्यावर आडवा माणूस मला एवढंच म्हणाला, "ताई, त्या शब्दावर आमचं लय चांगलं चाललं होतं."



किडकिडीताची तीन बोटं गेली. दीड महिन्याने शटर वर झालं. ते गाव सोडून जातील असं सगळ्यांनी धरलं होतं, पण ते गेले नाहीत. आमच्या घरचं दळण मायने दुसरीकडे लावलं होतं. मी डबा घेऊन तिथेच गेले. रांगेत तीनच बायका होत्या. आडवा माणूस जात्यापाशी होता, किडकिडीत डाव्या हाताने खडू धरून खुणा करत होता.

ज्वारी संपत आली तशी आडव्याने हाक मारली. नावाने. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. किडकिडीताचं नाव ते आहे हे गल्लीला त्या दिवशी कळलं. त्याला ऐकू गेलं नाही. आडव्याने परत हाक मारली, तरी नाही. गिरणीच्या आवाजात ते नाव पोचतच नव्हतं. शेवटी तो उठला, त्याच्याजवळ गेला, खांद्याला बोट लावलं आणि कानाशी वाकून म्हणाला, "ज्वारी संपली. गहू घे."

किडकिडीताने माझा डबा पाहिला. "ज्वारीनंतरचा पहिला गहू हाय, ताई. मिसळ येईल. एखादा नंबर थांबता का?"

"येऊ द्या," मी म्हटलं, आणि डबा पुढे सरकवला.