गोलाबाहेरचे खुशालराव

खुशालराव हिवरखेडच्या भाजी पिकवणाऱ्या घरातले. महायुद्धात फौजी दवाखान्यात अर्दली झाले. तिथं मन हादरलेल्या जवानांना गोल करून बसवत आणि एकमेकांशी बोलतं करत. खुशालराव भिंतीशी उभे राहून माणसं वाचायला शिकले. युद्ध संपल्यावर अमरावतीच्या एका धर्मादाय दवाखान्यानं मनाच्या आजारांच्या तरुण डॉक्टरांना असा गोल चालवायला शिकवण्यासाठी त्यांनाच बोलावलं. हुद्दा अर्दलीचा, मान गुरूचा!

नियम त्यांचाच होता. डॉक्टर गोल चालवील, शिकवणारा मागं बसेल. चूक सांगायची ती सगळे उठल्यावर.

वैशाखातल्या एका दुपारी डॉक्टर वामनरावांच्या गोलात नत्थुजी हसला. अकोल्याकडचा हा शेतकरी. पटकीनं दोन्ही मुलगे नेल्यापासून तो मुका झाला होता. आज त्यानं चंची उघडली, प्रत्येकाच्या तळहातावर तंबाखू ठेवला, शेवटी चंची उलटी करून झटकली.

"बोललंचाललं माफ करजा, बाप्पाहो."

"तीन हप्ते तोंड नाही उघडलं तुवं," शेजारचा जानराव म्हणाला. "माफी कायची मांगतं बे?"

गोल खदखदून हसला. वामनरावांचा चेहरा खुलला. "वा! नत्थुजी, पुढच्या आठवड्यात तुम्हाला घरी सोडू."

"पुढच्या हप्त्यात कायले? मी आजच जातो."

खुशालरावांची नजर त्या रिकाम्या चंचीवर खिळली. वऱ्हाडात कितीही दिलदार माणूस असो, वाटेसाठी चिमूटभर तंबाखू राखतोच. फौजेत एक हवालदार असाच सगळं वाटून हसत उठला होता. तेव्हा अर्दलीनं मध्ये बोलायचं नाही म्हणून खुशालराव गप्प राहिले, आणि सकाळी त्याची खाट रिकामी होती.

ते उठले आणि थेट गोलात येऊन बसले.

"डाक्टरसायेब, गोल उठवू नका."

"खुशालराव, नियम तुमचाच आहे!"

"मोडला मी. त्याले इचारा, वाटेसाठी तमाखू काहून नाही ठेवला."

वामनरावांचे कान लाल झाले. सगळ्यांदेखत अर्दलीनं टोकलं होतं! पण नत्थुजीच्या ओठांवरचं हसू त्यांनी आता नीट पाहिलं. ते रंगासारखं चोपडलेलं होतं, डोळ्यांपर्यंत पोचलंच नव्हतं. खुर्ची सोडून ते त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

"नत्थुजी, वाटेसाठी काहीच ठेवलं नाही?"

"कोनत्या वाटेसाठी?"

नत्थुजीचं हसू मावळलं. वामनरावांनी मदतीसाठी खुशालरावांकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. पुढचा प्रश्न डॉक्टरांच्याच तोंडून यायला हवा होता.

"जीव द्यायचं ठरवलंय का?"

नत्थुजीनं रिकाम्या चंचीची घडी घातली.

"ठरवलं," नत्थुजी म्हणाला. "आज."

जानरावानं त्याचं मनगट दोन्ही हातांत धरलं. नत्थुजीनं ते सोडवून घेतलं नाही, पण त्याची नजर दारावरच होती.

"आता काय करायचं?" वामनरावांनी खुशालरावांना विचारलं.

"आता कोनीच उठाचं नाही," खुशालराव म्हणाले आणि दारापाशी सरकून, दाराला पाठ लावून, मांडी घालून बसले.