मफलरीखालचा गळा

कांबळ्यांच्या घरात बोंबलल्याशिवाय भाकरी मिळत नसे. वडील अण्णासो कागलच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, तिथल्या धडधडाटानं त्यांना ऐकू कमी येई. त्यात भावंडं चार. जो मोठ्यानं मागेल त्याच्या ताटात आई आधी वाढायची. बोलणाऱ्याची बोरं खपतात हे थोरल्या क्रांतीला शाळेत जायच्या आधीच कळलं होतं. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आली तरी तिचे पाय आपोआप आवाजाकडं वळत.

वर्षाराणी सिस्टर वर्गातही आणि वॉर्डातही घसा फोडून सांगत, "ओरडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे, पोरींनो. आधी गप्प माणसाकडं बघा. श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास नीट चाललाय का, रक्त कुठं जातंय का. बाकी सगळं नंतर." क्रांतीनं हे परीक्षेत लिहून चांगले मार्क मिळवले होते. पाय मात्र घरच्या वळणानंच चालत.

त्या दुपारी बायकांच्या सर्जरी वॉर्डात तिच्याकडं दोन पेशंट होते. दाराशी शिरोळच्या विठाबाई. अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले आणि आवाज असा, की खालच्या मजल्यावर कळावं. कोपऱ्यात शाहूवाडीकडच्या तानूबाई. त्यांच्या गळ्याची थायरॉईडची गाठ त्याच दिवशी सकाळी काढलेली. सून स्वप्नालीनं नवऱ्याची लोकरी मफलर सासूच्या कानावरून गळ्याभोवती घट्ट गुंडाळली होती. आजारी माणसाला वारं लागू द्यायचं नाही, हे आपल्याकडं डॉक्टरच्या आधीचं औषध.

"मावशी, बरं हाय न्हवं?" क्रांतीनं विचारलं. तानूबाईंनी मान हलवली.

"पंख्याचं वारं लागतंय म्हणून गुंडाळलंय. चालंल न्हवं?" स्वप्नाली म्हणाली.

मफलर सोडून पट्टी बघायला हवी होती. तेवढ्यात दाराकडून हाक आली, "आगं कुणी हाय का न्हाय? जीव चाललाय की माझा!"

"असू दे, बरं केलंसा," म्हणून क्रांती तिकडं धावली.

विठाबाईंनी तिला चांगलंच गुंतवून ठेवलं. इंजेक्शन झालं, उशी झाली, मग भेटायला आलेल्या नणंदेची तक्रार झाली. क्रांती कोपऱ्यात परतली तेव्हा तानूबाई उठून बसल्या होत्या.

"निजा म्हणलं तर निजंनात. थुकी बी गिळंनात," स्वप्नाली म्हणाली.

बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा ठीक होता. क्रांतीला क्षणभर हायसं वाटलं. मग तिला आवाज आला. तानूबाई श्वास आत ओढत तेव्हा बारीक शीळ वाजत होती. क्रांतीनं मफलर भराभरा सोडली. पट्टीच्या दोन्ही अंगांनी गळा टम्म फुगला होता. तानूबाईंनी बोलायला तोंड उघडलं, पण नुसती खरखर बाहेर आली. डोळ्यांत मात्र सगळं होतं.

"सिस्टर! डॉक्टरांना बोलवा! गळ्यात रक्त साचलंय, श्वास अडतोय!"

ती जागची हलली नाही. तानूबाईंना तसंच बसतं धरून तिनं ऑक्सिजनचा मास्क लावला. वर्षाराणी सिस्टर आल्या, त्यांनी पडदा ओढला आणि अशाच वेळेसाठी खाटेशी ठेवलेला टाके कापायचा ट्रे उघडला. डॉक्टर तेजस्वी पळत आल्या. तानूबाई आता निळ्या पडू लागल्या होत्या. डॉक्टरांनी खाटेवरच टाके कापले, आत साकळलेल्या रक्ताच्या काळ्या गाठी बोटानं बाहेर काढल्या.

"श्वास घ्या मावशी! घ्या की!" क्रांती रडत रडत ओरडत होती.

छाती भरली. एकदा, मग पुन्हा. रंग परत येऊ लागला आणि लगेच खाट ऑपरेशन थिएटरकडं धावली.

संध्याकाळी तानूबाई पुन्हा वॉर्डात आल्या. झोपल्या होत्या, श्वास शांत होता. खाटेशेजारी स्टुलावर बसून स्वप्नाली मुसमुसत होती. "म्याच आवळला गळा. माझ्या हातानं गेल्या असत्या बघा." तिनं क्रांतीचा हात घट्ट धरला. "तुमी हुता म्हणून वाचल्या."

वॉर्डात सगळे क्रांतीला शाबासकी देत होते. दुपारचं ते 'बरं केलंसा' या सासू-सुनेखेरीज कुणी ऐकलेलं नव्हतं. गप्प बसली असती तर चाललं असतं, आणि तिला बसावंसंही वाटलं. पण स्वप्नाली जन्मभर स्वतःच्या हातांकडं बघत राहील, हे तिला सोसवेना.

"वहिनी, मफलरीनं काय झालं न्हाय. आत रक्त साचत हुतं. मफलर सोडून बघायचं काम माझं हुतं. तुमी इचारलासा, तरी मी न बघताच गेले."

स्वप्नालीनं हात काढून घेतला. क्रांतीनं मान खाली घातली, शिव्या खायची तयारी ठेवली. मग स्वप्नाली उठली, पदरानं तोंड पुसलं आणि स्टूल पायानं क्रांतीकडं ढकललं.

"मग आता बसा हितं," ती म्हणाली. "मी च्या पिऊन येस्तवर नजर हलवू नगासा."