साडूच्या डोक्यावरचा माझा फेटा

पुतणीच्या लग्नाआधी आमच्या जानेफळच्या घरात एकच सिनेमा पुन्हा पुन्हा लागत होता. नाचाच्या स्पर्धेचा. खेड्यातली पोरं शहरात स्पर्धेला जातात. त्यांच्यात एक जाडा गडी असतो, त्याचं पाऊल सारखं चुकतं. ऐन फायनलच्या आधी त्यांचा गुरूच म्हणतो, ह्याला वगळा, जिंकाल. पोरं म्हणतात, हा नाही तर आम्हीही नाही.

या जागी आमचं अख्खं घर रडायचं. सगळ्यात जास्त रडला माझा साडू. तो वरवट बकालहून बस्त्यासाठी, म्हणजे लग्नाच्या कपडेखरेदीसाठी आला होता. माझाच दुपट्टा घेऊन त्यानं नाक पुसलं. म्हणाला, "दादा, टीम म्हंजे हे असं पायजे."

तेव्हाच पुतणीनं जाहीर केलं, "हळदीले आपन बी असाच नाच बसवू. घरातले सगळे. अन् मोठे बाबा मंधात!"

मोठे बाबा म्हणजे मी, तिच्या बापाचा थोरला भाऊ. मंधात म्हणजे मधोमध. आयुष्यात मला कोणी मधोमध उभं केलं नव्हतं. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा मी जरा कडेलाच आलोय. त्यामुळे मी लगेच हो म्हटलं, आणि बायकोनं माझ्याकडे जे पाहिलं त्याचा अर्थ लावला नाही.

गच्चीवर सराव सुरू झाला. माझी अडचण एकच. लहानपणापासून मी भजनात टाळकरी. बुवानं आधी ओळ घ्यायची, मग आपण मागून उचलायची, ही हाडाला लागलेली सवय. त्यामुळे सगळ्यांची टाळी वाजायची, आणि मग माझी.

"अवो, सगळ्यायसंग वाजवा ना टाळी!" बायको ओरडायची.

"सगळ्यायची आयकू त येऊ दे आंधी," मी म्हणायचो.

सगळे हसायचे. मला वाटायचं, माझ्यामुळे सरावाला मजा येते.

हळदीच्या दिवशी दुपार कलली तशी बायको म्हणाली, "चूलबंद आवतन द्याचं राह्यलं हाये. तुमीच जा. मोठ्या मानसानं सांगतलं त मान राह्यते."

चूलबंद आवतन म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. पत्रिका कितीही आधी वाटा, ऐन दिवशी घरचं माणूस दारात गेलं नाही तर भावकी येत नाही. आणि पोरासोरांना पाठवलं तर येते, पण वर्षभर ऐकवते.

"अन् नाच?" मी विचारलं.

"नाच त जेवनं झाल्यावर हाये, मोठे बाबा," पुतणी म्हणाली. तिच्या हाताला मेंदी होती, त्या मेंदीकडेच ती पाहत होती. "तुमी आरामात जा."

मी आरामात गेलो. मानाचं काम म्हटल्यावर छाती जरा पुढं काढूनच गेलो. घरोघर चहा घेतला आणि घरोघर तेच सांगितलं, "कोनी घरी राहू नका. म्हाताऱ्यायले आना, लेकरायले आना. एक बी मानूस मांगं राह्यलं नाही पायजे."

शेवटचं घर चुलतीचं. ती चहा बशीत ओतत होती तेवढ्यात आमच्या मांडवातला स्पीकर वाजला. चुलतीनं कान टवकारले.

"हे तुमचंच गानं न्हाय का बे? गच्चीवर वाजे त मी इथून आयको."

"हाव."

"मंग तू इथं काऊन?"

मी बशीतला चहा शेवटपर्यंत प्यालो. लगेच उठलो असतो तर तिला कळलं असतं, की मलाही आत्ताच कळलंय.

मांडवात पोचलो तेव्हा शेवटचं कडवं चाललं होतं. नवरदेवाकडची माणसं पुढच्या खुर्च्यांवर बसून मोबाईलवर शूटिंग घेत होती. आणि मधोमध, माझ्या जागेवर, साडू. पुतणीनं प्रत्येकाच्या डोक्याच्या मापाचे रेडीमेड फेटे आणले होते. माझं डोकं मोठं, म्हणून माझा फेटा लांबूनही ओळखू येतो. तो साडूच्या भुवयांवर उतरला होता. पण गड्याची एक टाळी चुकेल तर शपथ! हे एका दिवसात येत नाही. वरवट बकालला बसून कोणीतरी पाठवलेले व्हिडिओ पाहिल्याशिवाय येत नाही. शेजारी माझी बायको काय खुलून नाचत होती! माझ्याबरोबर ती अशी कधी नाचली नाही, ओरडण्यातच दम जायचा तिचा.

वाईट याचं वाटलं, की नाच खरंच छान चालला होता.

तेवढ्यात नाचता नाचता पुतणीनं मला पाहिलं. सगळ्यांची टाळी वाजली, आणि मग तिची.

पुढं हळद लावायची वेळ आली. वडीलधारा म्हणून पहिला हात माझा. मी वाटीत बोटं बुडवून तिच्या गालाला लावली.

ती हळूच म्हणाली, "मोठे बाबा, तिकडचे लोक व्हिडिओ काढनार व्हते. त्यायनं हसाले नको म्हून..."

"मले सांगतलं असतं, त मीच म्हटलं असतं, मी खाली बसतो."

ती माझ्याकडे सरळ पाहत म्हणाली, "नसतं म्हटलं तुमी."

नसतंच म्हटलं. दुसऱ्या गालाला हळद लावून मी बाजूला झालो. मागून भावकीची रांग होती. एकही घर राहिलं नव्हतं, सगळे आले होते.

साडूनं फेटा परत दिला तो घामानं ओला होता. "दादा, तुमचं डोकं लय मोठं हो. पिना माराव्या लागल्या," तो म्हणाला.

मध्यंतरी टीव्हीवर पुन्हा तोच सिनेमा लागला. पुतणी माहेरी आली होती, साडूही होता. तो जाडा गडी, ती पोरं, ते हा नाही तर आम्हीही नाही. सगळे पुन्हा रडले, अगदी मनापासून. साडूनं न बघताच माझ्याकडे हात पुढं केला.

मी दुपट्टा दिला, आणि पाणी प्यायला आत गेलो.